मलाखी २:१३-१६ : "देवाने दिली" म्हटलं की व्यभिचार उरत नाही?



आज वाचायची आहेत फक्त चार वचनं, पण जरा सावकाश वाचा. आमची अर्पणं देव का स्वीकारत नाही, असं यहूदातले पुरुष विचारतात. मलाखी उत्तर देतो: कारण तरुणपणी जिच्याशी लग्न केलंस तिचा तू विश्वासघात केलास, आणि तुमच्या दोघांमध्ये साक्षीदार होता तो परमेश्वर. १३ व्या वचनात वेदी आसवांनी भिजल्याचा उल्लेख आहे. ही आसवं कोणाची? साधा अर्थ घेतला तर अर्पण नाकारलं गेलं म्हणून रडणाऱ्या पुरुषांची. पण फार जुन्या काळापासून दुसरं एक वाचनही चालत आलंय. त्यात टाकून दिलेल्या बायका वेदीपाशी येऊन रडतायत आणि त्यांच्या आसवांमुळे पुरुषांचं अर्पण देवापर्यंत पोचतच नाही. व्याकरण बहुधा पहिल्या वाचनाच्या बाजूने असेल, पण पुढचं वाक्य बघितलं की दुसरं वाचन कुठून आलं ते लगेच कळतं.

हा भाग वाचताना मला एका वेगळ्याच ग्रंथाची आठवण झाली. तो आपल्या पवित्र शास्त्रातला नाही. मॉर्मन लोकांचा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नेटफ्लिक्सवर वॉरन जेफ्सवरची मालिका पाहिली असेल, आणि मॉर्मन म्हटलं की लांब झगे घातलेल्या बायका आणि एकच नवरा, हे चित्र डोळ्यांसमोर येत असेल. ते चित्र आधी बाजूला ठेवूया. जेफ्सचा गट मूळ चर्चपासून कधीच वेगळा झालेला आहे. त्याला २०११ मध्ये टेक्सासमध्ये जन्मठेप झाली. आज जगभर सुमारे पावणेदोन कोटी सदस्य सांगणारं जे मुख्य लॅटर-डे सेंट्स चर्च आहे, तिथे दुसरी बायको केली तर सदस्यत्व जातं. लैंगिक संबंध फक्त कायदेशीर लग्न झालेल्या नवरा-बायकोमध्ये, ही त्यांची शिकवण आहे आणि ते ती आपल्या अनेक मंडळ्यांपेक्षा कडक पाळतात. त्यांच्या मॉर्मनच्या पुस्तकात आल्मा नावाचा बाप आपल्या बहकलेल्या मुलाला, कोरिॲंटनला, फटकारतो. तिथे व्यभिचाराचा क्रम जवळपास खुनाच्या खालोखाल लावलाय. माझा एक सहकारी मॉर्मन आहे. चहा नाही, कॉफी नाही, आणि रिलीज कितीही अंगावर आलेली असली तरी सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखलेली. त्या माणसाच्या संसाराची टिंगल करण्यासाठी मी हे लिहीत नाही.

प्रश्न वेगळा आहे. व्यभिचाराबद्दल इतकी कडक असलेल्या याच परंपरेत एकेकाळी एका पुरुषाला अनेक बायका, हे धर्माचं काम कसं मानलं गेलं? आणि ते करताना "हा व्यभिचार नाही" असं त्यांनी स्वतःला कसं पटवलं? हे नीट समजून घेतलं तर मलाखी जास्त नीट कळतो, असं मला वाटतं.

सुरुवात मॉर्मनच्या पुस्तकापासूनच करू. ते १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात छापलं गेलं. त्यात याकोब नावाचा एक संदेष्टा आहे (आपला इस्राएलवाला याकोब नव्हे, दुसरा). तो मंदिरात लोकांना उपदेश करतो. लोक दावीद आणि शलमोनाचं उदाहरण देऊन अनेक बायका करायला लागलेत. याकोब स्पष्ट सांगतो की दावीद-शलमोनाने जे केलं ते देवाला किळसवाणं वाटलं. पुरुषाला एकच बायको असावी, उपपत्नी एकही नसावी. मला जो भाग खरा महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या लगेच पुढे येतो. देव म्हणतो की मी माझ्या लोकांच्या मुलींचा शोक पाहिलाय, त्यांचं रडणं ऐकलंय, नवऱ्यांच्या दुष्टपणामुळे त्यांची मनं मोडलीत. म्हणजे बंदीचं कारण कुठली वंशावळ नाही की शुद्धीचा नियम नाही. कारण आहे बायकांचे अश्रू. मलाखीची वेदीच जणू. (गंमत म्हणजे याच पुस्तकात पुढे मलाखीचे तिसरा आणि चौथा हे दोन अध्याय जसेच्या तसे येतात. दुसरा येत नाही.)

पण त्याच उताऱ्यात मध्येच एक वाक्य आहे. आशय असा: मला माझ्यासाठी संतती वाढवायची असेल तर मी तशी आज्ञा देईन, नाहीतर वर सांगितलेलंच पाळा. दारं-खिडक्या सगळ्या बंद, पण एक फट ठेवलेली. पुढचा सगळा इतिहास त्या फटीतून आत आला.

लगेच मात्र नाही. फेब्रुवारी १८३१ मध्ये ओहायोत जोसेफ स्मिथने जे प्रकटीकरण दिलं, त्यात नवऱ्याने पूर्ण मनाने आपल्या बायकोवर प्रीती करावी आणि तिच्याशिवाय कोणालाही बिलगू नये असं सांगितलंय. व्यभिचार करून पश्चात्ताप केला तर क्षमा, पुन्हा केला तर मंडळीबाहेर. त्यांच्या 'सिद्धांत आणि करार' या ग्रंथात हे ४२ वं प्रकरण म्हणून आजही आहे. १८३५ च्या आवृत्तीत तर विवाहावर एक वेगळा लेखच होता: आमच्यावर बहुपत्नीत्वाचा आरोप होतो, म्हणून जाहीर करतो की एका पुरुषाला एकच बायको. तो लेख १८७६ मध्ये ग्रंथातून काढला गेला आणि त्याच वर्षी १३२ वं प्रकरण आत आलं.

हे १३२ वं प्रकरण १२ जुलै १८४३ ला इलिनॉयमधल्या नॉवू गावात लिहून घेतलं गेलं. जोसेफ सांगत गेला, विल्यम क्लेटन लिहीत गेला. तोपर्यंत जोसेफने गुपचूप अनेक लग्नं केलेली होती. आकड्यांवर वाद घालायची गरज नाही, कारण २०१४ मध्ये चर्चनेच आपल्या अधिकृत निबंधात मान्य केलंय की संख्या तीस ते चाळीसपर्यंत असू शकते, त्यातल्या काहींचे नवरे हयात होते, आणि सगळ्यात लहान हेलन मार किंबल पंधरावा वाढदिवस काही महिन्यांवर असताना जोसेफशी जोडली गेली. एखाद्या संस्थेने आपल्या पहिल्या संदेष्ट्याबद्दल हे स्वतः छापणं सोपं नसतं, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आता त्या प्रकरणातला तर्क बघा. पुरुषाने एका कुमारीशी लग्न केलं, मग दुसरीशी करावंसं वाटलं, पहिलीने संमती दिली, आणि त्या दुसरीने कोणाला वचन दिलेलं नसलं, तर तो निर्दोष. त्याच्या हातून व्यभिचार होऊच शकत नाही, कारण त्या बायका त्याला दिलेल्या आहेत. दहा दिल्या तरीही नाही. उलट बाजूला, त्यांच्यातली एखादी दुसऱ्या पुरुषाकडे गेली तर मात्र तो व्यभिचार.

इथे "दिलेल्या" या शब्दावर थांबायला हवं. कारण व्यभिचाराची व्याख्या इथे बदलली. ४२ व्या प्रकरणात व्यभिचार म्हणजे बायकोला दिलेला शब्द मोडणं. १३२ व्या प्रकरणात प्रश्न उरतो तो एवढाच: ती कोणाला दिलेली आहे, आणि देण्याचा अधिकार कोणाकडे आहे? त्या काळी पृथ्वीवर ही किल्ली एकाच माणसाकडे असते, असंही तेच प्रकरण सांगतं. तो माणूस म्हणजे जोसेफ. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ज्याच्याकडे ॲडमिन ॲक्सेस, तोच ऑडिटर.

हा तर्क जोसेफने हवेतून काढला, असं म्हणून मोकळं होणं मला प्रामाणिक वाटत नाही. जुन्या करारात व्यभिचाराचा गुन्हा प्रामुख्याने स्त्री कोणाची आहे यावरच ठरतो. लग्न झालेला पुरुष अविवाहित मुलीकडे गेला तर दोष आहे, मुलीच्या बापाला भरपाई आहे, पण तो दहा आज्ञांमधला व्यभिचार म्हणून मोजला जात नाही. आणि आपल्याकडे काय होतं? भारतीय दंड विधानाचं ४९७ वं कलम. १८६० पासून २०१८ पर्यंत आपल्या देशात व्यभिचाराचा गुन्हा असा होता: दुसऱ्याच्या बायकोशी, त्या नवऱ्याच्या संमतीशिवाय किंवा त्याच्या मूक सहभागाशिवाय संबंध ठेवणं. नवऱ्याची संमती असली की गुन्हा नाही. ज्याने संबंध ठेवला त्याच्या स्वतःच्या बायकोला तक्रार करायची सोयच नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केलं तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुपांवर "आता व्यभिचाराला परवानगी" म्हणून किती आरडाओरडा झाला ते आठवत असेल. कलमात खरं काय लिहिलं होतं ते फार थोड्यांनी वाचलं होतं.

म्हणून मार्क १०:११ मला इतकं धक्कादायक वाटतं. येशू म्हणतो की जो आपल्या बायकोला टाकून दुसरी करतो तो तिच्याविरुद्ध व्यभिचार करतो. तिच्याविरुद्ध! सासऱ्याविरुद्ध नाही, शेजाऱ्याविरुद्ध नाही. व्यभिचाराने जिचं नुकसान होतं ती व्यक्ती म्हणून बायको उभी राहते. घटस्फोटाच्या वादानंतर घरात पुन्हा विचारणाऱ्या शिष्यांना हे उत्तर नक्कीच अपेक्षित नसणार. आणि याची पूर्वतयारी मलाखीने केलेली आहे, कारण विश्वासघात हा शब्द तो बायकोच्या संदर्भात वापरतो, आणि तिला करारातली जोडीदार म्हणतो.

१३२ व्या प्रकरणाचा सगळ्यात भारी युक्तिवाद मात्र दावीदाचा नाही, अब्राहामाचा आहे. देवाने अब्राहामाला इसहाकाचं बलिदान करायला सांगितलं, जरी खून करू नको ही आज्ञा होती. अब्राहामाने नकार दिला नाही आणि ते त्याचं नीतिमत्त्व ठरलं. तसंच, अनेक बायकांची आज्ञा तुमच्या नीतीला कितीही झोंबली तरी ती देवाकडून आली असेल तर पाळा. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक प्रामाणिक मॉर्मन पुरुषांनी आणि स्त्रियांनी हे खरोखर अब्राहामाची परीक्षा म्हणूनच स्वीकारलं. त्यांच्या रोजनिशांमध्ये रडणं आहे, उपास आहेत, रात्र-रात्र प्रार्थना आहेत. मजा मारायला निघालेले लोक म्हणून त्यांना निकालात काढता येत नाही.

पण मोरियाच्या डोंगरावर सुरा हातात घेऊन उभा असलेला अब्राहाम एक असतो आणि लाकडांवर बांधलेला इसहाक दुसरा. नॉवूमध्ये सुरा कोणाच्या हातात होता आणि लाकडांवर कोण होतं? चौदा वर्षांची हेलन. तिने पुढे लिहून ठेवलंय की या लग्नाने तिच्या बापाच्या सगळ्या घराण्याचं तारण निश्चित होईल असं तिला सांगण्यात आलं होतं. चौदा वर्षांच्या मुलीने याला काय उत्तर द्यायचं? आणि एम्मा, जोसेफची पहिली बायको. १८२७ पासूनची साथ, अनेक बाळंतपणं, अनेक पुरलेली मुलं, नवरा तुरुंगात असताना हिवाळ्यात गोठलेली नदी ओलांडून जाणं. त्या प्रकटीकरणात तिचं नाव घेऊन आज्ञा आहे: माझ्या सेवकाला दिलेल्या सगळ्या जणींना स्वीकार, नाहीतर तुझा नाश होईल. संमतीची अट तर होती, सारेचा नियम म्हणून. पण पहिलीने नकार दिला तर नवरा त्या नियमातून मोकळा, असंही लगेच पुढे लिहिलंय. "नाही" म्हटल्याने काही बदलत नसेल, तर "हो"ला संमती म्हणायचं का?

एमिली पार्ट्रिज नावाच्या मुलीची आठवण याहून बोलकी आहे. ती आणि तिची बहीण एलायझा एम्माच्याच घरात कामाला होत्या. मार्च १८४३ मध्ये दोघींची जोसेफशी गुपचूप लग्नं झाली. मग मे महिन्यात एम्मा थोडी वळली, दोन बायका द्यायला तयार झाली, पण निवड माझी असेल म्हणाली. तिने नेमक्या याच दोघी निवडल्या. तिला काही कळू नये म्हणून लग्नाचा विधी तिच्यासमोर पुन्हा करण्यात आला. एमिलीने हे सगळं म्हातारपणी लिहून ठेवलं, आणि तेही मॉर्मन म्हणूनच, कोणाची बदनामी करायला नव्हे. एम्मा तिथे उभी राहून संमती देत होती, आणि ज्याला ती संमती देत होती ते आधीच होऊन गेलेलं होतं.

आता दावीद. दोन्ही बाजूंनी याचंच नाव घेतलं जातं, आणि प्रामाणिकपणे बोलायचं तर आपल्यालाही त्याने अडचणीत टाकलंय. मॉर्मनच्या पुस्तकातला याकोब म्हणतो दावीदाच्या अनेक बायका किळसवाण्या. १३२ वं प्रकरण म्हणतं त्या देवाने दिलेल्या, आणि उरीयाची बायको सोडली तर त्याने कशातच पाप केलं नाही. दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून, तेरा वर्षांच्या अंतराने. चर्चचे विद्वान दोन्हींचा मेळ त्या फटीच्या वाक्याने घालतात. आपण मात्र हसण्याआधी २ शमुवेल १२:८ उघडावं. तिथे नाथान दावीदाला खरोखरच म्हणतो की देवाने तुझ्या धन्याच्या बायका तुझ्या हवाली केल्या. ते वचन आपल्याही शास्त्रात आहे.

पण नाथान कोणती गोष्ट सांगतो ते बघा. एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरं, आणि एका गरिबाकडे एकच कोकरू, त्याच्या ताटातलं खाणारं, त्याच्या कुशीत झोपणारं. श्रीमंताने स्वतःची सगळी मेंढरं ठेवून ते एकच नेलं. नाथान राजाला "ती तुला दिलेली नव्हती" असा परवान्याचा मुद्दा ऐकवत बसत नाही. तो बलवानाने दुबळ्याचं काय ओरबाडलं ते दाखवतो, आणि दावीद संतापून स्वतःच न्याय देतो. आणि हे सगळं तोंडावर, दरबारात. जोसेफसमोर नाथानाचं काम करायला गेलेल्यांचं काय झालं? ओलिव्हर काउडरी, मॉर्मनच्या पुस्तकाचा मुख्य लेखनिक, त्याने फॅनी अल्जर नावाच्या मुलीशी जोसेफचे संबंध आले त्याला सरळ व्यभिचार मानलं. १८३८ मध्ये तो मंडळीबाहेर काढला गेला, आणि आरोपांमध्ये हाही एक होता. विल्यम लॉ, जोसेफचा एकेकाळचा सल्लागार, त्याने साथीदारांबरोबर ७ जून १८४४ ला एक वर्तमानपत्र काढून हे सगळं छापलं. तीन दिवसांत छापखाना मोडून टाकण्यात आला. त्या मोडतोडीवरूनच जोसेफला अटक झाली आणि २७ जूनला कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याला गोळ्या घातल्या. तो खून होता आणि त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण त्याआधी महिनाभर, मे महिन्यात, जोसेफने भर सभेत सांगितलं होतं की माझ्यावर सात बायकांचा आरोप आहे आणि मला तर एकच दिसते. देवाची आज्ञा पाळल्याबद्दल संदेष्ट्याला छळ सोसावा लागला, याची बायबलमध्ये हवी तितकी उदाहरणं आहेत. आज्ञा पाळत असताना "मी पाळत नाही" असं सभेत सांगणारा संदेष्टा मला तरी आठवत नाही.

पुढचं थोडक्यात. ब्रिगहॅम यंग लोकांना घेऊन १८४७ मध्ये युटाच्या खोऱ्यात गेला. २९ ऑगस्ट १८५२ ला ओर्सन प्रॅटने ही शिकवण पहिल्यांदा जाहीर सभेत मांडली. योगायोग असा की त्याच सुमारास ह्यू फिंडले नावाचा त्यांचा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला. पुढे पुण्याच्या छावणीत, मुख्यतः ब्रिटिश लष्करी लोकांमध्ये, त्याने एक छोटी मंडळी उभी केली. पाठोपाठ बहुपत्नीत्वाची बातमी इथे पोचली आणि काम आणखी अवघड झालं. १८५६ पर्यंत सगळं गुंडाळलं गेलं.

अमेरिकन सरकारने कायदे केले आणि १८७९ मध्ये रेनॉल्ड्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की श्रद्धेला हात लावणार नाही, पण आचरणाला लावू. उदाहरण काय दिलं असेल? सतीचं. एखादीला नवऱ्याच्या चितेवर जाणं हे धर्मकर्तव्य वाटलं तर सरकारने अडवायचं नाही का? त्याच निकालात बहुपत्नीत्व ही आशिया-आफ्रिकेतल्या लोकांची रीत असाही तुच्छ शेरा आहे, तो मला अजिबात आवडला नाही. आणि वर्तुळ बघा, १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हिंदू द्विभार्याप्रतिबंधक कायद्याला आव्हान मिळालं तेव्हा न्यायमूर्ती छागलांनी अमेरिकेतल्या मॉर्मन प्रकरणांचाच आधार घेतला. शेवटी २४ सप्टेंबर १८९० ला विलफर्ड वुड्रफने अशी लग्नं न करण्याचं जाहीर केलं. चोरून ती १९०४ पर्यंत होत राहिली, मग दुसरं फर्मान निघालं. १३२ वं प्रकरण मात्र ग्रंथात अजून आहे. बायको वारल्यावर पुरुषाने मंदिरात दुसरीशी अनंतकाळासाठी लग्न केलं तर दोघीही स्वर्गात त्याच्या, ही समजूतही आहे. आजच्या मॉर्मन स्त्रिया यावर अस्वस्थ होऊन लिहीत असतात.

एवढं सगळं आपल्या ब्लॉगवर कशासाठी, असं कोणी विचारेल. आपल्याकडे कोणी दहा बायका करत नाही. पण "प्रभूने मला दाखवलंय" हे वाक्य आपल्या युवक सभांमध्ये तुम्ही ऐकलेलं नाही का? मी ऐकलंय. गायनपथकातल्या एका मुलीला एका पुढाऱ्याने सांगितलं की तू माझी बायको होणार असं प्रभूने मला उपासात दाखवलं. ती महिनाभर झोपली नाही, कारण नाही म्हटलं तर ते त्या माणसाला नाही म्हणणं होणार नव्हतं, प्रभूला होणार होतं. तिच्या आईने एकच प्रश्न विचारला: प्रभूला तुझा फोन नंबर माहीत नाही का? त्या माऊलीने थेट उत्पत्ती १६ चा धागा पकडला होता, तिला ठाऊक असो नसो. साराने हागारेला अब्राहामाच्या हाती "दिलं", आणि त्या सगळ्या देण्याघेण्यात हागारेशी कोणीच बोलत नाही. तिचं नावही घेत नाहीत, दासी म्हणतात. तिच्याशी पहिल्यांदा बोलतो तो रानातल्या झऱ्याजवळ परमेश्वराचा दूत, आणि तो तिला नावाने हाक मारतो. १३२ वं प्रकरण हागारेचा दाखला देतं तेव्हा अब्राहामाला आज्ञा होती एवढंच सांगतं. झरा तिथे येत नाही.

एम्मा युटाला गेली नाही. नॉवूतच राहिली. फेब्रुवारी १८७९ मध्ये, शेवटच्या आजारपणाच्या थोडं आधी, तिच्या मुलाने तिला समोर बसवून विचारलं आणि तिने सांगितलं की तुझ्या बापाला माझ्याशिवाय दुसरी बायको नव्हती. एप्रिलअखेर ती वारली. हेलन मार किंबल युटाला गेली, मोठी झाली, मुलंबाळं झाली, आणि १८८० च्या दशकात तिने बहुपत्नीत्वाच्या समर्थनार्थ पुस्तिका लिहिल्या. मुलांसाठी लिहिलेल्या आठवणींत मात्र तिने त्या चौदाव्या वर्षाचं दुःखही ठेवलं. एकीने जे घडलं ते नाकारलं, दुसरीने त्याची बाजू घेतली. दोघींपैकी कोणालाही खोटारडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

१४ वं वचन आज पुन्हा एकदा मोठ्याने वाचा, त्यातल्या साक्षीदार या शब्दाकडे लक्ष देऊन. उद्याच्या भागात, मलाखी ३:५ मध्ये, परमेश्वर पुन्हा साक्षीदार म्हणून येतो, आणि तिथे व्यभिचारी आणि मजुराची मजुरी बुडवणारे एकाच यादीत आहेत. ते का, ते उद्या बघू.